वास हातांना होता

नाना,

सातवीत असताना ग्रामपंचायतीसमोर उभी राहून मी म्हणाले होते, "माझ्या वडलांच्या तोंडाला रोज दारूचा वास येतो." ते चूक होतं. वास तुमच्या हातांना यायचा. तोंडाला नाही. हे आधी दुरुस्त करते, कारण ही दुरुस्ती राहून गेली तर पुढचं एकही वाक्य मला धड लिहिता येणार नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही असतात तरी हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या डोळ्यांकडे बघत बसला असतात. ते का, ते पुढे येईलच.

मी आता शहरात असते. आंबवण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. आई गावात सांगते, "दवाखान्यातलं कायतरी करती." तिला ते तसं सांगणं सोपं पडतं. सध्या सरांनी माझ्याकडे एक पुस्तिका दिली आहे. खेड्यातून आलेल्या मुलांना इंग्रजीतलं नीट समजत नाही, म्हणून मराठीत लिहायची. कोणत्या देशात कशापासून दारू गाळतात आणि ती पिण्याच्या रीती काय, असा विषय. घरातली पहिली शिकलेली पोर, आणि लिहितेय दारूवर. तुम्ही हसला असतात. तुमचं हसू फार लहान असायचं, नाकातून यायचं.

या कामात सगळ्यात आधी सरांनी एक गोष्ट शिकवली. कच्चा माल चाखायचा नाही. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, तळवे एकमेकांवर चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायची आणि थांबायचं. आधी जे जोरात येतं ते उडून जातं. मागे जे रेंगाळतं ते खरं. मी डोळे मिटून ओंजळ नाकाशी नेली. करपलेला गूळ, ओलं लोखंड, थोडं सडकं केळ. आणि नाना, मी आठ वर्षांची झाले. तुम्ही कारखान्यातून आला आहात, सायकल भिंतीला लावली आहे, माझे दोन्ही गाल तुमच्या दोन्ही तळव्यांत आहेत आणि तुम्ही विचारताय, "काय शिकलीस आज?" सरांनी विचारलं, काय वाटतं? मला वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, जड आहे, अजून एकदा गाळायला लागेल.

त्याच आठवड्यात संध्याकाळी घरमालकीण काकूंनी मला जिन्यात अडवलं.

"खरं सांग हं. तू काही घेतेस का?"

"नाही हो, काकू."

"मला नको शिकवू. माझे दीर घ्यायचे. त्यांच्याबरोबर एका घरात संसार केलाय मी. हा कर बघू."

मी तोंड उघडून श्वास सोडला.

"शेंगदाण्याची चटणी खाल्लीस डब्यात," काकू म्हणाल्या. मग ज्योतिष्यासारखा माझा हात हातात घेऊन उलटा केला आणि वास घेतला. "हाताला आहे गं. तोंडाला काही नाही. साबण लाव जरा." आणि त्या कुकर लावायला आत निघून गेल्या. एवढंच. जिन्यात, दोन पायऱ्यांवर, इतक्या कमी वेळात माझा निकाल लागला. मी तिथंच बसून राहिले. तुम्हाला कुणी म्हटलंच नव्हतं, "हा कर बघू."

तुम्ही डिस्टिलरीत कसे गेलात ते मला आईकडून कळलं. आपली जमीन कोरडवाहू, ऊस तिथं कधी लागला नाही. पण आज्यानं साखर कारखान्याचा एक शेअर घेऊन ठेवला होता, त्या एका कागदावर तुम्हाला टाक्या धुवायचं काम मिळालं. मळीच्या टाक्या, जिच्यापासून तिथं दारू गाळायचे. एकदा तुम्ही केमिस्ट साहेबांना म्हणालात की तिसऱ्या टाकीतलं बिघडलंय. साहेब म्हणाले, तुला काय कळतं? दुसऱ्या दिवशी टाकी बिघडलेली निघाली. तेव्हापासून तुम्हाला आत घेतलं, पांढऱ्या फरशीच्या खोलीत, जिथं माल पास करतात. अक्षर येत नसलेला माणूस त्या खोलीत एकटा तुम्हीच. सोबतचे लोक तुम्हाला 'नाकवाला' म्हणायचे. मी एकदा सुट्टीत तुमच्यासोबत आले होते तेव्हाचं मला स्पष्ट दिसतं. गेटजवळ लिंबाखाली सगळे डबे सोडून बसले आहेत, आणि एकजण मुकादमाचा झाकलेला डबा पुढे करतोय.

"ए नाकवाल्या, सांग बे, काय हाय यात?"

"येसराची आमटी," तुम्ही लांबूनच म्हणता.

"आन्?"

"आन् मीठ इसरलीय त्याची बायको."

"मिठाला वास असतो व्हय बे?"

"न्हाई. पर मुकादमाचं तोंड बघ की."

सगळे हसतात, मुकादमसुद्धा. मी फुगून बसते, माझा बाप म्हणून.

त्याच दुपारी ती नोटीस लागली. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता, आसपास ऊस उरला नव्हता, गाळप आटोपतं घेणार असं सगळे कुजबुजत होते. नोटीस लावणारा निघून गेला आणि लोक फळ्यासमोर जमले. कुणीतरी म्हणालं, नाकवाल्याची पोरगी शाळंत जाती, तिला वाचू द्या. तुम्ही मला कठड्यावर उभं केलंत. वरच्या ओळी मी वाचल्या: गाळप बंद, तूर्त डिस्टिलरी तेवढी चालू. खालच्या दोन ओळी बारीक टायपात होत्या, कागदाला डिंक लागून पुसट झाल्या होत्या. मला त्या दिसत नव्हत्या. पण सगळे माझ्याकडे बघत होते, तर मी म्हणाले, "आणि पाऊस पडल्यावर सगळ्यांना परत कामावर घेतलं जाईल." केवढा आनंद झाला लोकांना. कुणी मला चहा पाजला, कुणी बिस्किटाचा पुडा दिला. तुम्ही मला सायकलीपाशी नेलंत.

"खालच्या दोन वळी तू वाचल्या न्हाईत."

"वाचल्या."

"तुजे डोळे हाललेच न्हाईत. वरच्या वाचताना हालत हुते." तुम्ही खाली बसलात, माझ्या उंचीला आलात. "मग बोललीस कावून?"

"लोकं खूश झाली."

"लोकं खूश कराया मला बी येतं, बाई. वाईट मालाला चांगला म्हनलं की साहेबापसून डायवरापत्तुर समदे खूश. पर फुडं कुनीतरी ते पितं." मग तुम्ही उठलात. "जा. सांग त्येंला."

मी रडले, पण गेले. बिस्किटाचा पुडा हातात धरून त्या सगळ्या मोठ्या माणसांना म्हणाले, खालच्या दोन ओळी मला वाचता आल्या नाहीत. काहीजण हसले, एकजण शिवी हासडून निघून गेला. तुम्ही लिंबाला टेकून उभे होतात. येताना सायकलवर तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवलंत आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. काचेचं उभं माप होतं, कडेला टवका उडालेलं, म्हणून प्रयोगशाळेनं बाद केलेलं. त्यावरच्या बारीक रेघा मी घरी येईपर्यंत मोजत होते. ते माप आज माझ्या टेबलावर आहे. त्यात पेनं ठेवते.

आपल्या घरात पिण्याची एकच रीत होती, आणि ती आईनं माहेराहून, धाराशिवकडच्या बाजूनं आणलेली. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची. ज्वारीच्या पिठाची आंबील मडक्यात आंबत घालायची, अवसेला शेतात न्यायची, आधी रानाला शिंपडायची आणि मग आपण प्यायची. दुष्काळातल्या त्या वर्षी रानात ज्वारी गुडघ्याएवढीही नव्हती. तरी तुम्ही मडकं घेऊन चारी बांधांवर फिरलात. हात मडक्यात बुडवायचा आणि बोटं झटकायची. मी मागून चालत होते, तुमच्या बोटांवरून उडालेले थेंब माझ्या तोंडावर येत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, "आदी तिला, मंग आपल्याला." आई म्हणाली, "आवो, सगळी रानालाच पाजता का? पोरीला ठिवा." तुम्ही ते काचेचं माप आणायला लावलंत, आणि आंबील मला त्या मापातून प्यायला दिलीत. आंबट, गार, नाकात चढणारी. जगातल्या सगळ्या मद्यांबद्दल वाचून झालं तरी मला प्यावंसं वाटलेलं ते एकच.

मंगोलियात, नाना, लोक अनामिका पेल्यात बुडवतात आणि थेंब आभाळाकडे झटकतात, मग पितात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले. पेरूच्या डोंगरांत पहिला घोट जमिनीला ओततात. जपानात स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतून घेणं बरं दिसत नाही, शेजारच्यानं ओतायचं. कोरियात वडीलधाऱ्यानं दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा आणि पिताना तोंड बाजूला वळवायचं. मेक्सिकोतले म्हातारे गाळणारे वेळूच्या नळीतून धार सोडतात आणि बुडबुडे किती टिकतात ते बघून माल सांगतात, ना यंत्र ना कागद. तुमचेच भाऊबंद. हे सगळं मी टाचणात लिहून काढलं आणि माझ्या ध्यानात आलं की ज्या रीती मला लिहून ठेवाव्याशा वाटल्या त्या सगळ्या हातांच्या आहेत. कोण कुणाला देतं, कसं देतं. आपल्या गावात रीत नव्हती. स्टँडमागच्या दुकानाच्या भिंतीला तोंड करून उभं राहायचं, गटकन घशात ओतायचं आणि तोंड पुसायचं, एवढंच. मग घरी जाऊन जे करायचं ते.

ते मी विसरलेली नाही. तुमची बाजू लिहिताना ते विसरायला मला आवडेल, पण तसं होता कामा नये. शेजारच्या मावशीच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. माझ्या बाकावरची मैत्रीण रविवारी शाळा नसल्यामुळे रडायची, कारण रविवारी तिचा बाप घरी असायचा. मावशीनं बायका जमवल्या, तहसीलला खेटे घातले, आणि दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान नको असेल तिनं आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. त्याच्या आधी सभा ठरली. मावशी आपल्या ओट्यावर येऊन मला म्हणाली, "आमी बोललो तर म्हनतेत, बायका हायत, नवऱ्यावर राग काढतेत. तू शाळंतली हायस. तुला लिवता येतं. तुजा शब्द खोटा कोन म्हनंल?"

आणि खरंच कुणी म्हणालं नाही.

सभेला तुम्ही पाळी संपवून खाकी कपड्यांतच आला होतात, सगळ्यात मागे, हात पाठीशी बांधून. मी कागद धरून वाचलं. त्या वाक्याला सगळ्या बायका 'अगं बाई' म्हणाल्या आणि मग टाळ्या वाजल्या, इतक्या की मला पुढचं वाचायला थांबावं लागलं. मी वर पाहिलं. तुम्ही पाठीमागचे हात पुढे आणले होते. दोन्ही तळव्यांकडे बघितलंत, एखादी वस्तू हरवल्यावर माणूस रिकाम्या हातांकडे बघतो तसं, आणि परत पाठीशी नेलेत. मावशीनं मला पोटाशी धरलं. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं. ते योग्यच झालं. त्यानंतर माझी मैत्रीण रविवारी रडली नाही.

पण तुम्ही रोज दारातच थांबू लागलात. पाणी टँकरचं, घागरीवर मोजून मिळणारं, ते हात धुण्यात कसं घालवायचं, म्हणून तुम्ही चुलीतली राख घ्यायचात आणि तळवे घासायचात. मग लिंबाचा पाला चुरडायचात. परत राख. कातडी सोलवटून निघायची. मग आत येऊन भिंतीशी बसायचात आणि विचारायचात, "काय शिकलीस आज?" हात मांडीखाली. माझ्या गालांना तुमचे हात त्यानंतर कधीच लागले नाहीत. मी बारा वर्षांची होते, मला वाटलं मी मोठी झाले म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात डिस्टिलरी बंद पडली आणि कारखान्यानंच चारा छावणी उघडली, तिथं तुम्ही लोकांच्या गुरांना उसाचे वाढे तोलून द्यायला उभे राहिलात. आता हाताला वास गुरांचा होता. तिथंच टँकरचं पाणी पिऊन छावणीतल्या सहासात जणांचे डोळे पिवळे झाले. बाकीचे बरे होऊन उठले, तुम्ही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे पितात का?" आईनं तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात बोलायचं काम माझंच असायचं. मी म्हणाले, "हो." एकदा सगळ्या गावासमोर बोलून झाल्यावर डॉक्टरांसमोर नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी लिहून घेतलं. उपचार तेच झाले असते, याची मी नंतर अभ्यास करून खात्री करून घेतली आहे, दोन वेगळ्या लोकांना विचारून. पण तुम्ही शुद्धीवर होतात. तुम्ही ऐकलंत.

तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. उन्हं वर आली, लोक कंटाळले. काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून भावकीतले एकेक पुढे होऊन म्हणत होते, बायकोला बघू, पोरीला शिकवू, शेत पडू देणार न्हाई. कावळा झाडावरच. मग कुणीतरी हसत म्हणालं, "आरं, आदी त्याचं पेय तर ठिवा. घेतल्याबिगर जातूय व्हय त्यो." गावात दुकान नव्हतं, तर एकजण मोटारसायकलवर चौसाळ्याहून क्वार्टर घेऊन आला. द्रोणात ओतली, पिंडाशेजारी ठेवली. सगळे मागे सरकले आणि कावळा उतरला. "बगा! म्हनलं न्हवतं?" लोक हसले, चांगल्या मनानं हसले, तुमची सुटका झाली म्हणून. रशियात मेलेल्या माणसासाठी दारूचा भरला पेला ठेवतात आणि त्यावर पावाचा तुकडा झाकतात. तो प्रकार लिहिताना मी पेन खाली ठेवलं. ते लोक ज्याला जे आवडायचं ते ठेवत असतील. आपण तुमच्यापुढे माझं वाक्य ठेवलं. कावळा भातासाठी आला, नाना. माणसं मागे सरकली म्हणून आला. पण त्या दिवसापासून गावाला पक्कं ठाऊक आहे की तुम्ही दारूनं गेलात.

पुस्तिकेत 'आपला भाग' म्हणून एक पान ठेवलं आहे. ते अजून कोरंच आहे.

मागच्या सोमवारी मावशीचा फोन आला. आता तिचे दात पडलेत, पण आवाज तोच.

"बाय, बाटली उभी करायला निगालेत गं परत. दोन आक्टूबरच्या गरामसभेत ठराव आनायलेत, दुकान चालू करा म्हनून. नव्या पोरींला काय म्हाईत काय भोगलंय ते. तू ये. तुजं ते भाषन परत वाच. मी कागूद जपून ठिवलाय, देवाच्या पेटीत."

मी म्हणाले, मावशी, मला त्या कागदाचा फोटो पाठवायला सांग कुणाला तरी. तिच्या सुनेनं पाठवला. फोन येईपर्यंत मी स्वतःला सांगत आले होते की मी लहान होते, मला हाताचा वास आणि तोंडाचा वास यातला फरक कळला नाही. त्याच सवयीनं या पत्राच्या सुरुवातीलाही मी 'चूक' असा शब्द लिहिला. फोटो मोठा करून पाहिला. माझंच अक्षर. "माझ्या वडलांच्या", मग एक शब्द खोडलेला, आणि वर लिहिलेलं "तोंडाला". खोडलेल्याच्या खालचं दिसतंय. "हातांना" असं आहे.

मला तेव्हाच माहीत होतं. सभेच्या दिवशी पहाटे तुम्ही कामावर निघण्याआधी माझ्या गणवेशाचं तुटलेलं बटण लावून दिलंत, दोरा दातांनी तोडलात, माझ्या गळ्यापाशी वाकून. तुमच्या श्वासाला गुळाच्या चहाचा वास होता. मी तो घेतला, कळला, आणि मग कागद घेऊन बसले. हातांना वास येतो म्हटल्यावर कुणाला काय वाटणार, असा विचार केला. आणि दुसरंही होतं, तेही लिहिते. वर्गात मुली माझ्याजवळून सरकून बसायच्या, तुमचा तो वास माझ्या दप्तरालाही लागलेला असायचा, आणि मला तुमचा राग होता. एक शब्द खोडला. डोळे हलले होते, नाना. नोटिशीच्या वेळी हलले नव्हते, या वेळी हलले होते.

फोटो पाहून मी आईला फोन केला.

"आई, नाना कधी घ्यायचे का?"

ती म्हणाली, "तुज्या बापानं जीब लावली न्हाई कदी. नाक मरंल म्हनायचे."

"मग तू बोलली कावून नाहीस? सभेत, दवाखान्यात, दहाव्याला?"

"त्येंनीच गप केलं मला. सबेच्या दिवशी घरी आल्यावर म्हनले, तिचा शब्द पाडू नगं. आपल्या घरातलं कुनी बोललं आन् गावानं ऐकलं, आसं पयल्यांदा झालंय." आणि मग, "मला वाटलं, तू हुशार हायस, तुजं तुला कळंल. लई वरीस लावलंस गं."

मी भांडी घासायला उठले. भांडी आधीच घासलेली होती.

चार दिवस मी हिशेब लावतेय. मी खरं सांगितलं, तर ठराव आणणारे म्हणतील, बघा, ज्या भाषणावर दुकान बंद झालं ते खोटंच होतं. मावशीच्या तोंडावर ते फेकतील. मी गप्प राहिले, तर तुम्ही त्या क्वार्टरच्या द्रोणाशी कायमचे बसून राहाल. कोणतं कमी वाईट, ते मला ठरवता येत नव्हतं. सरांना विचारावंसं वाटलं, पण हे सरांचं नाही. मग कठड्यावरची ती दुपार आठवली. नोटिशीच्या वेळीही खरं सांगून कुणाचं भलं होणार नव्हतंच. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणाला होतात, जा, सांग.

मी जाईन. तो कागद वाचणार नाही, सगळ्यांना दाखवीन, खोडलेला शब्द बोटानं दाखवीन. सांगेन की मावशीच्या पाठीवरचे वळ खरे होते, माझी मैत्रीण खरी रडायची, बाटली आडवी केलीत ते बरोबर केलंत आणि आडवीच राहू द्या. पण तिच्याखाली माझ्या बापाला ठेवू नका, त्याला मी तिथं ठेवलं होतं. आणि कुणाला खात्री करायची असेल तर म्हणेन, या, माझे हात घ्या. मी जाताना हात धुणार नाही. त्यांना डिस्टिलरीचा वास असेल. मग म्हणेन, आता तोंडाचा घ्या.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. गुंडाळी करून त्या टवका उडालेल्या मापात ठेवते, पेनांच्या मध्ये. मावशीला अजून मी फक्त "येते" एवढंच कळवलं आहे. काय बोलणार ते सांगायचा धीर झालेला नाही, आणि आईलाही नाही. एवढं खोटं अजून चालू आहे. ते शुक्रवारपर्यंतच. दोन ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी दहा वाजता, ग्रामपंचायतीसमोर.